अठरा वर्षांवरच्या कर्णबधिरांचे काय?

अपंगांना साहाय्यक साधने पुरविणारी केंद्र सरकारची जी योजना 'एडिप' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते, तिच्या १ एप्रिल २०१४ पासून लागू झालेल्या सुधारित रूपात कॉक्लिअर इम्प्लांटसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. दरवर्षी देशातील ५०० मुलांना हे साधन द्यावे, एका साधनामागे सहा लाख रुपयांपर्यंतचा खर्च सरकारने सोसावा, जन्मापासून ऐकू न येणारे मूल एक ते पाच वर्षे वयाचे असावे आणि बोलणे शिकल्यानंतर ज्याची श्रवणशक्ती गेली त्याचे वय पाच ते अठरा वर्षे असावे, असे तिचे स्वरूप ठरले. ज्या देशात गरिबाच्या कानाची चौकशी शतकानुशतके कोणी केली नाही, तेथे एवढे झाले याचेही स्वागत केले पाहिजे. परंतु वयाच्या त्या एका अटीने एक मोठा मनुष्यसमूह योजनेबाहेर राहिला आहे. वयाच्या एकोणिसाव्या, पस्तिसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षी ज्याच्या कानांनी साथ सोडली, त्या कष्टकऱ्याला या योजनेत स्थान नाही.

हा प्रश्न आकड्यांत विरून जाऊ नये म्हणून तो एका गावाच्या पातळीवर उतरवून पाहणे बरे. साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद पिकविणारा हा टापू, आणि त्यातील मोठा वर्ग अल्पभूधारकांचा व शेतमजुरांचा. समजा, अशा गावातील पस्तीस वर्षांच्या एका मजुराला मेंदूच्या आवरणाचा दाह झाला, औषधोपचाराने जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. हा मनुष्य मुका नाही. त्याला मराठी येते. पस्तीस वर्षे तो तीच ऐकत आणि बोलत आला आहे. पण दुसऱ्या दिवशीपासून मुकादमाची हाक त्याला ऐकू येत नाही. मजुरीचा दर ठरताना तो घोळक्यात उभा असतो आणि काय ठरले ते त्याला नंतर कोणी तरी बोटांनी दाखवितो. आडतीवर त्याच्या मालाची बोली किती झाली हे त्याला कळत नाही. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा भोंगा त्याच्यासाठी उरलेला नाही. ग्रामसभेत तो बसतो, हात वर होताना पाहून हात वर करतो. घरात लहान मुले त्याच्याशी बोलणे हळूहळू थांबवितात, कारण तीच गोष्ट चार वेळा सांगण्याचा कंटाळा मुलांनाही येतो आणि मोठ्यांनाही. आणि गावाच्या दृष्टीने तो चेष्टेचा विषय होतो. आंधळ्याविषयी निदान दया वाटते. बहिऱ्याच्या वाट्याला विनोद येतो. मराठी रंगभूमीवर उलटसुलट उत्तरे देणारे बहिरे पात्र पिढ्यान् पिढ्या हशा मिळवीत आले, यात आपल्या समाजमनाची एक साक्षच आहे.

अशा माणसाला साधे श्रवणयंत्र दिले जाते. एडिप योजनेतून प्रौढालाही ते मिळते. परंतु त्याचा उपयोग का होत नाही हे समजून घेतले पाहिजे, कारण अनेकांची समजूत अशी की यंत्र मोठे घेतले, महाग घेतले, की ऐकू येईल. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळलेली नलिका असते. तिच्यात सुमारे साडेतीन हजार केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेशात रूपांतर करतात, आणि तीस हजारांच्या आसपास मज्जातंतू ते संदेश मेंदूकडे नेतात. नलिकेच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज टिपले जातात, आतल्या टोकाशी खर्जातले. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, इतकेच. केशपेशीच नष्ट झाल्या असतील तर कितीही मोठा आवाज मज्जातंतूपर्यंत पोहोचत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट हा मधला टप्पाच वगळते. कानामागे अडकविलेला ध्वनिग्राहक आवाज घेतो, त्याला जोडलेला प्रोसेसर त्याचे विश्लेषण करतो, ती माहिती लोहचुंबकाने डोक्याला चिकटणाऱ्या चकतीतून रेडिओलहरींच्या रूपाने त्वचेखालील भागाकडे जाते, आणि तेथून निघालेली बारीक तार नलिकेत शिरून मज्जातंतूंना थेट विजेचे सूक्ष्म ठोके देते. त्या तारेवर विद्युदग्रे असतात साधारण बारा ते बावीस. साडेतीन हजार पेशींचे काम बावीस टोकांनी करायचे, ही या यंत्राची मर्यादा आणि हेच त्याचे आश्चर्य.

मग ऐकू काय येते? शस्त्रक्रियेनंतर जखम भरण्यास तीन-चार आठवडे जातात, आणि त्यानंतर यंत्र सुरू केले जाते. त्या पहिल्या दिवशी बहुतेकांची निराशा होते. माणसांचे बोलणे धातूच्या पत्र्यावर कोणी खिळे टाकावेत तसे, किंवा चिमण्यांच्या कलकलाटासारखे वाटते. पत्नीचा आवाज आणि मुलाचा आवाज यांत फरक कळत नाही. जाहिरातीतल्या चित्रफितीत अश्रू आणि हसू दाखवितात, त्यावरून लोक समजतात की कळ दाबली आणि कान आले. प्रत्यक्षात त्या दिवशी अभ्यासाचा आरंभ होतो. मेंदूला त्या अनोळखी ठोक्यांमधून जुनी ओळखीची भाषा शोधायची असते, आणि ज्याच्या मेंदूत ती भाषा आधीच वसलेली आहे त्याला हे काम जमते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत प्रगती सर्वांत वेगाने होते, पुढेही वर्षभर ती चालू राहते. शांत खोलीत, समोर बसलेल्या एका माणसाचे बोलणे कित्येकांना ओठांकडे न पाहताही समजू लागते. काहींना टेलिफोनवरही बोलता येते. बहिरेपण येऊन जितका कमी काळ लोटला असेल तितका यशाचा संभव अधिक, ही गोष्ट या क्षेत्रात सर्वमान्य आहे.

मराठीच्या ध्वनींचा विचार केला तर या अभ्यासाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. आवाजाची लय, त्याचा चढउतार, कोठे थांबला आणि कोठे फुटला, हे यंत्र चांगले पोहोचविते. त्यामुळे 'काल' आणि 'गाल' यांतला घोष-अघोष भेद बऱ्याच अंशी कळतो. तोंडात जीभ कोठे टेकली हे मात्र आवाजाच्या बारीक पोतावरून ओळखावे लागते, आणि तो पोत बावीस टोकांतून नीट उतरत नाही. म्हणून 'पान', 'तान', 'कान' हे एकमेकांत मिसळतात. 'ताक' आणि 'टाक', 'माती' आणि 'नाती' यांचा गोंधळ होतो. येथे डोळे मदतीला येतात. ओठांकडे पाहिले तर 'प' आणि 'त' हे वेगळे दिसतात. उलट 'पाट', 'बाट' आणि 'माठ' ओठांवर सारखेच दिसतात, आणि तेथे कानाची मदत होते. जे डोळ्यांना दिसत नाही ते यंत्र सांगते आणि जे यंत्राला सांगता येत नाही ते डोळ्यांना दिसते. या जोडीने बोलणे समजण्याचे प्रमाण पुष्कळ वाढते. हे शिकविण्यासाठी शिकविणारा माणूस लागतो, आणि तो त्या माणसाच्या बोलीत बोलणारा असला पाहिजे. सेनगाव तालुक्यात 'का' असे विचारायचे तर 'काहून' म्हणतात. मुंबईच्या खोलीत बसून शहरी मराठीच्या शब्दयादीवर सराव केलेला मनुष्य गावी परतल्यावर आपल्याच माणसांच्या बोलण्याला बिचकतो, याचा विचार प्रशिक्षणाचे साहित्य तयार करणाऱ्यांनी करावयास हवा.

संगीताची गोष्ट वेगळी. ताल या यंत्रातून जवळजवळ जसाच्या तसा पोहोचतो, सूर पोहोचत नाही. हिंगोली जिल्ह्यातच नर्सी आहे, संत नामदेवांचे गाव म्हणून मान असलेली. कीर्तन-भजनाची ओढ असलेल्या या भागातील माणसाला इम्प्लांटनंतर टाळ आणि मृदंग ऐकू येतील, अभंगाची चाल मात्र ओळखू येणार नाही. शब्द आधी पाठ असतील तर त्यांच्या आधाराने तो ती मनात जुळवून घेईल. शस्त्रक्रियेपूर्वीच हे स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. खोटी आशा लावून विकलेल्या वस्तूबद्दल नंतर जी चीड येते, तिच्यामुळे कित्येक यंत्रे खुंटीला लागतात.

आता वयाच्या त्या अटीकडे वळू. गंमत अशी की ही सारी विद्या प्रौढ कर्णबधिरांच्याच जोरावर उभी राहिली. १९५७ मध्ये पॅरिस येथे जूर्नो आणि एरिएस यांनी श्रवण-मज्जातंतूला विजेने चेतविण्याचा जो पहिला प्रयोग केला, तो एका प्रौढावर. १९६१ मध्ये लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस यांनी केलेल्या शस्त्रक्रियाही प्रौढांवर. १९७८ च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक विद्युदग्रांचे यंत्र प्रथम बसविले ते रॉड साँडर्स यांना, ज्यांची श्रवणशक्ती मोटार अपघातात गेली होती. बोलणे समजू शकते हे सिद्ध झाले ते अशाच माणसांमुळे, कारण 'हा शब्द मला पूर्वी कसा ऐकू येत असे आणि आता कसा येतो' हे तेच सांगू शकत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८४ आणि १९८५ मध्ये प्रौढांसाठी परवानगी दिली. मुलांसाठी ती मिळण्यास १९९० साल उजाडले. ज्यांच्या अनुभवावर हे शास्त्र घडले, त्यांनाच आपल्या सार्वजनिक योजनेने दाराबाहेर ठेवले आहे.

यावर उत्तर तयार असते. पैसा मर्यादित आहे, आणि लहान मुलाच्या मेंदूला भाषा शिकण्याचा काळ एकदाच मिळतो. तो टळला की टळला. यातील दुसरे विधान खरे आहे आणि त्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. जन्मतः कर्णबधिर मुलाला पहिल्या काही वर्षांतच साधन मिळाले पाहिजे आणि त्याला अग्रक्रम असलाच पाहिजे. परंतु अग्रक्रम म्हणजे दुसऱ्याला कायमची वगळणूक नव्हे. आणि पैसा मर्यादित असल्याचे जे कारण दिले जाते ते सर्वांना सारखे लागू होत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या आरोग्य योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटच्या खर्चाची तरतूद आहे. ती असावी, कर्मचाऱ्यांनी ती संघटित शक्तीने मिळविलेली आहे. पण कार्यालयात बसून काम करणाऱ्याचा कान दुरुस्तीस पात्र आणि मळणीयंत्रापाशी उभे राहणाऱ्याचा कान अपात्र, असा भेद कोणत्या समतेच्या तत्त्वात बसतो? मळणीयंत्राचा उल्लेख सहज केलेला नाही. आवाजाने येणारे बहिरेपण कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदले होते. शेतावरच्या यंत्रापाशी राबणाऱ्याला तो कायदा शिवतही नव्हता.

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी असणाऱ्यास कर्णबधिर मानले आहे. त्यात वयाची अट नाही. म्हणजे साखऱ्याच्या त्या मजुराला राज्यसंस्था प्रमाणपत्र देते, ओळखपत्र देते, ज्याचा त्याला उपयोग नाही असे श्रवणयंत्रही देते, आणि ज्याचा उपयोग आहे ते साधन मात्र अठराव्या वर्षी बंद करते. २०११ च्या जनगणनेत देशातील ५० लाख ७१ हजार व्यक्तींनी श्रवणदोष असल्याचे सांगितले. या सर्वांना इम्प्लांट लागते असे मुळीच नाही. बहुतेकांना चांगले श्रवणयंत्र पुरते. गरज असणारे त्यांतील थोडे आहेत. थोडे आहेत म्हणूनच त्यांचा मोर्चा निघत नाही.

स्त्रियांची स्थिती आणखी वेगळी असते, आणि तिच्याविषयी आकडेवारीने बोलण्याची गरज नाही. कोणत्याही गावात ती दिसते. पुरुषाचा कान गेला की घराची मिळकत बुडते, म्हणून निदान धावपळ तरी होते. सुनेचा कान गेला तर तिने ऐकून करायचे काय, असा घरातील हिशेब असतो. खुरपणी, स्वयंपाक, गुरांचे शेण-पाणी यांसाठी कान लागत नाहीत, असे मानणारे घर तिला तालुक्याच्या दवाखान्यातही नेत नाही. आशा कार्यकर्तीने घरोघरी विचारावयाच्या प्रश्नांत प्रौढ स्त्रीच्या ऐकण्याचा प्रश्न घालणे एवढे साधे काम यासाठी करता येण्याजोगे आहे.

काळाचा मुद्दा आणखी महत्त्वाचा. एका कानाचे ऐकणे एकाएकी, रात्रीतून किंवा एक-दोन दिवसांत कमी झाले तर ती तातडीची अवस्था असते. पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइडचे उपचार झाले तर काहींचे ऐकणे परत येते. खेड्यात अशा वेळी कानात कोमट तेल घालतात, मळ असेल म्हणून सांगतात, आणि महिना जातो. मेंदूच्या आवरणाच्या दाहानंतर तर अंतर्कर्णाच्या नलिकेत हाड साचू लागते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती इतकी बुजते की मग तार आत जाणे कठीण होते. म्हणजे या रुग्णाला योजनेच्या रांगेत दोन वर्षे उभे करणे म्हणजे त्याला नकार देणेच होय. क्षयरोग्यांची कहाणी वेगळ्याच प्रकारची आहे. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. त्याने असंख्य प्राण वाचविले. पण ते आणि त्याच्या कुळातील कॅनामायसिनसारखी इंजेक्शने काहींच्या केशपेशी कायमच्या मारतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात ही इंजेक्शने महिनोन् महिने दिली जात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ नंतर पोटात घ्यावयाच्या औषधांवर भर देऊन ती मागे टाकण्याचे धोरण घेतले. हे योग्यच झाले. मात्र त्याआधीच्या वर्षांत सार्वजनिक कार्यक्रमात सार्वजनिक औषधाने ज्यांचे कान गेले, त्यांच्याविषयीची जबाबदारी सार्वजनिकच नाही काय? क्षय हा गरिबांचा रोग आहे. त्यातून आलेल्या बहिरेपणाचा भारही गरिबावरच टाकून राज्यसंस्था मोकळी झाली.

मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झालेली ही संस्था एडिपमधील कॉक्लिअर इम्प्लांटचे काम देशभरासाठी पाहते. ज्यांचे नाव तिला आहे ते अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते, आणि त्याआधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे निजामी राजवटीतील मराठवाड्याशी एका दूरच्या धाग्याने जोडलेले. मुंबईतच मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या मराठी शल्यविशारदांनी हे तंत्र देशात रुजविले; २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्ञान आहे, हात आहेत, संस्था आहेत. पण त्या सगळ्या साखऱ्यापासून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. शस्त्रक्रिया एकदाच होते, तीसाठी माणूस कर्ज काढूनही जाईल. परंतु त्यानंतर प्रत्येक विद्युदग्राचा ठोका किती असावा हे संगणकावर जुळवावे लागते. त्याला मॅपिंग म्हणतात, आणि पहिल्या वर्षात ते अनेक वेळा करावे लागते. प्रत्येक खेपेला दोघांचे प्रवासभाडे, मुक्काम आणि तीन-चार दिवसांची बुडालेली मजुरी. तिसऱ्या खेपेला माणूस जात नाही. योजनेच्या नोंदवहीत शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते. बोलणे समजू लागले की नाही, याचा रकाना त्या नोंदवहीत असावा आणि त्यावरूनच यश मोजले जावे.

नंतरच्या खर्चाकडे तर कोणी पाहतच नाही. डोक्याला चिकटणारी चकती बिघडते, वायर तुटते, घामाने ध्वनिग्राहक गंजतो; मे महिन्यात मराठवाड्यात उन्हात राबणाऱ्याचा घाम म्हणजे काय हे ज्यांनी ही यंत्रे आखली त्यांच्या कल्पनेतही नसावे. बॅटरी रोज लागते. ती पुनःपुन्हा भरता येण्याजोगी असेल तर वीज लागते, आणि वीज केव्हा येईल हे वितरण कंपनी ठरविते. काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर जुना होतो, कंपनी त्याचे सुटे भाग देणे थांबविते, आणि नवा घेणे भाग पडते. या कंपन्या जगात मोजक्याच: सिडनीची कॉक्लिअर, इन्सब्रुकची मेड-एल, कॅलिफोर्नियातील ॲडव्हान्स्ड बायोनिक्स अशी दोन-चार नावे घेतली की बाजार संपतो. एकीची चकती दुसरीच्या यंत्राला लागत नाही. ज्याच्या डोक्यात एका कंपनीचे यंत्र बसविले तो जन्मभर त्या कंपनीचा बांधील ग्राहक झाला. भांडवलशाहीने माणसाच्या गरजेला कुंपण घातल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. कवटीच्या हाडात रोवलेले हे कुंपण त्यांतही विशेष आहे.

आणि हे ज्ञान या कंपन्यांनी एकट्यांनी निर्माण केले आहे काय? ग्रॅम क्लार्क यांच्या संशोधनासाठी मेलबर्नमध्ये दूरचित्रवाणीवरून लोकवर्गणी गोळा झाली, पुढे ऑस्ट्रेलियन सरकारने पैसा दिला. १९९१ मध्ये ब्लेक विल्सन यांनी बोलण्याचे विश्लेषण करण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यामुळे शब्द समजण्याचे प्रमाण एकदम वाढले. ते काम अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पैशावर झाले होते आणि सर्वांना वापरण्यास खुले ठेवले गेले. क्लार्क, विल्सन आणि इंगेबोर्ग होखमायर यांना २०१३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला तेव्हा या सार्वजनिक वारशाचाच तो गौरव होता. लोकांच्या पैशाने उगवलेल्या या झाडाची फळे लाखांच्या भावाने विकली जातात, तेव्हा भावाला हात घालणे हा शासनाचा अधिकारच आहे.

तो अधिकार वापरता येतो हे आपल्याच देशात दिसले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने हृदयातील औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली. त्यापूर्वी रुग्णाकडून लाखाच्या वर रक्कम घेतली जात असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींनाही मर्यादा घातली गेली. कंपन्यांनी आरडाओरड केली, तरी शस्त्रक्रिया बंद पडल्या नाहीत. चीनने २०२४ च्या अखेरीस सर्व सरकारी रुग्णालयांची मागणी एकत्र करून कॉक्लिअर इम्प्लांटची खरेदी केली, आणि दोन लाख युआनहून अधिक असलेली किंमत पन्नास हजार युआनच्या आसपास उतरली. तेथील राज्यव्यवस्थेविषयी कोणाचे काहीही मत असो, एकत्र खरेदीची ताकद नाकारता येणार नाही. भारतातही संरक्षण संशोधन संस्थेच्या विशाखापट्टणम येथील नौदल प्रयोगशाळेने स्वदेशी यंत्र घडविण्याचे काम हाती घेतले होते. पाणबुडीच्या ध्वनिशास्त्राचे ज्ञान कर्णबधिराच्या कानाशी नेण्याची ती कल्पना उत्तम होती. तिला पुरेसा पैसा, चाचण्यांची सोय आणि सरकारी खरेदीची हमी द्यावयास हवी.

या संदर्भात एक वेगळा आवाजही ऐकला पाहिजे. जन्मतः कर्णबधिर असलेल्यांच्या चळवळीतील अनेकांचे म्हणणे असे की, खुणांची भाषा ही परिपूर्ण भाषा आहे, बहिरेपण म्हणजे दुरुस्त करावयाचा बिघाड नव्हे, आणि यंत्राच्या आग्रहापायी त्या भाषेची उपेक्षा होते. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. शाळांतून खुणांची भाषा शिकविली गेलीच पाहिजे. पण पस्तिसाव्या वर्षी ऐकणे गमावलेल्या मजुराचा समाज मराठी बोलणाऱ्यांचा आहे. त्याच्या घरात, गावात खुणांची भाषा जाणणारा कोणी नाही. त्याला आपल्या जुन्या समाजात परत यायचे आहे, आणि त्याची ती वाट वेगळी आहे.

ती वाट लांबची असण्याचे आता कारण उरलेले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत हिंगोलीचे महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की कान-नाक-घसा विभाग आलाच. शस्त्रक्रिया तूर्त तेथे झाली नाही तरी चालेल. ती मुंबईत किंवा संभाजीनगरात होऊ शकते. पण एक ध्वनिरोधक खोली, मॅपिंगचा संगणक, एक श्रवणतज्ज्ञ, मराठवाड्याची बोली जाणणारा एक वाचा-प्रशिक्षक आणि चकत्या-वायरींचा छोटासा साठा एवढे हिंगोलीत उभे करण्यास कोणता अडथळा आहे? मॅपिंग आता इंटरनेटवरून दूर बसलेल्या तज्ज्ञाकडूनही करता येते. एडिप योजनेतील अठरा वर्षांची मर्यादा काढून प्रौढांसाठी स्वतंत्र संख्या ठरवावी, मेंदूज्वर आणि क्षयोपचार यांतून कान गेलेल्यांना त्यात आधी घ्यावे, सुटे भाग आणि प्रोसेसर बदलण्याचा खर्च योजनेतच धरावा, आणि यंत्रांसह सुट्या भागांच्या किमतींना मर्यादा घालावी. यासाठी पहिला ठराव दिल्लीत व्हावा लागत नाही. साखऱ्याच्या ग्रामसभेतही तो होऊ शकतो. मांडताना तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा, म्हणजे हात वर करण्यापूर्वी ज्यांच्यासाठी तो आहे त्यांनाही तो वाचता येईल.